पहिली रेघ

रिपोर्ट मी चार पानांचा दिला होता. टेबलावर परत आला तो तीन पानांचा. पिन नवी होती. म्हणजे जुनी उपसून, एक पान काढून घेऊन, उरलेली तीन टेबलावर आपटून सारखी करून कुणीतरी सावकाश नवी पिन मारली होती. पानांचे आकडेही बदलून नव्याने छापले होते, एक, दोन, तीन, जणू चौथं पान या जगात कधी जन्मालाच आलं नव्हतं. वर पिवळी चिठ्ठी: ‘मॅडम, सही. तीनच्या आत.’ अक्षर साहेबांचं. ते मी चांगलं ओळखते, कारण या माणसाला नमुन्याच्या वहीत आकडे कसे लिहायचे ते मीच शिकवलंय. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, साताचा आकडा एकासारखा काढायचा आणि माझी बोलणी खायचा. आता तो प्रयोगशाळेचा प्रमुख आहे आणि मी निवृत्तीला चार महिने उरलेली बाई आहे. मी पानं चाळली. माझी वाक्यं होती तशीच होती, फक्त त्यांच्यातलं हाड काढलं होतं. ‘माल ठरलेल्या दर्जाचा आढळला.’ खरं आहे. ‘रबराचं प्रमाण योग्य.’ हेही खरं. आणि शेवटी, जिथे मी काही वेगळं लिहिलं होतं, तिथे एक नवंकोरं वाक्य बसलं होतं: ‘ग्राहकाने वस्तूचा निष्काळजीपणे वापर केल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात, हिच्या नाकावर राग. असेल. पण त्या क्षणी मला वाक्यातला ‘नाकारता येत नाही’ हा भाग जास्त चीड आणत होता. आरोप करायचा तर तोंडाने करा, हा असा हात मागे बांधून कशाला करता.

वस्तू म्हणजे एक स्टूल. आमच्याच कंपनीचं, आमच्याच दाण्यांपासून आमच्याच साच्यात ओतलेलं, घरोघरी असतं तसलं चार पायांचं प्लास्टिकचं स्टूल. ते मोडलं आणि त्यावर चढलेली एक शिवणकाम करणारी बाई पडली, उजवा खुबा मोडला. मागच्या गुरुवारी ती खाली स्वागतकक्षात येऊन बसली होती. तिच्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं. विक्रीवाल्यांनी तक्रार विभागाकडे बोट दाखवलं, तक्रारवाल्यांनी प्रयोगशाळेकडे, आणि साहेबांना नेमकी त्याच वेळी मीटिंग निघाली. म्हणून मी गेले. साठीची बाई, बोटांना सुया टोचून टोचून पडलेले काळे ठिपके, पुढ्यात चार पायांचा वॉकर, आणि मांडीवर कापडी पिशवीत स्टुलाचा मोडलेला पाय. तो तिने असा धरला होता की मला वाटलं, हा पायही तिचाच. “तुमचे लोक दुसरं स्टूल देतो म्हणाले,” ती म्हणाली. “मला स्टूल नको. मला एक ओळ लिहून द्या.” मी विचारलं, कसली ओळ. “वरच्या फळीवरनं कापडाचा तागा काढत होते. आधी कडकन आवाज आला. मग मी पडले. आधी आवाज, मग मी. मुलगा म्हणतो, आई, तू जास्त वाकलीस. सून म्हणते, तुम्ही टोकावर पाय दिलात. नातवंडाला पण आता पाठ झालंय, आजी धांदरट आहे. अहो, बत्तीस वर्षं मी स्टुलावर चढतेय. धांदरट बाई कात्री चालवू शकते का? आधी स्टूल मोडलं, एवढं लिहून द्या.” मी तो पाय हातात घेतला. मोडलेली कड बघितली आणि मला तिथल्या तिथे कळलं. आमचं कोपॉलिमर, म्हणजे ही स्टुलं ज्याची बनतात ते प्लास्टिक, वाकवलं की मोडायच्या आधी पांढरं पडतं. अगदी ताज्या जखमेच्या कडेसारखं पांढरं, बोटाने दाबलं तरी जात नाही. ते पांढरं पडणं म्हणजे माल झगडतोय, ताण खातोय. या कडेवर पांढरं काही नव्हतं. स्वच्छ, चकचकीत, एका दमात तडकलेली कड होती. स्टूल झगडलंच नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं आणि मी तोंडाने म्हणाले, “तपासून सांगते.” तो आवाज मला ओळखीचा वाटला. हा माझा आवाज मी पूर्वी कुठेतरी ऐकला होता, आणि तो मला तेव्हाही आवडला नव्हता.

वर येऊन मी तो पाय जिथे बैठकीला जुळतो तो जाड कोपरा कापला. पाव मिलिमीटरचाही न भरणारा पातळ काप काढला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिला. हे मी चौतीस वर्षं करतेय आणि अजून मला याचा कंटाळा आलेला नाही, ही माझ्याविषयीची एकमेव चांगली गोष्ट असावी. या प्लास्टिकचा मूळ माल पॉलिप्रॉपिलीन. ते वितळून निवायला लागलं की त्याच्या लांबच लांब साखळ्या घड्या घालून बसायला लागतात. एखाद्या बिंदूपाशी पहिली घडी पडते आणि तिथून चहूबाजूंना वाढत जाते. लेन्सखाली त्यांची फुलं दिसतात, प्रत्येकावर एक काळी फुली. पटकन निवलं तर फुलं बारीक, दाट. सावकाश निवलं तर मोठमोठी, ऐसपैस, दिसायला सुंदर, आणि दोन फुलं जिथे एकमेकांना भिडतात त्या हद्दी कमकुवत. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचा हा जुना दोष, म्हणून तर त्यात इथिलीनचा वाटा घालून रबरी भाग तयार करतात. त्या रबराचे थेंब बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असले तर पळत आलेली भेग त्यांच्यापाशी अडकते, दमते, मरते. बाईच्या स्टुलाच्या कातडीत, साच्याला लागलेल्या बाहेरच्या थरात, सगळं छान होतं. पण आत, गाभ्यात, फुलं इतकी मोठी होती की तीन फुलांनी माझं सगळं वर्तुळ भरून गेलं. हद्दींवर पोकळ्या. रबर धुऊन काढून पाहिलं, तर थेंबांची भोकं बारीक राहिलेलीच नव्हती. थेंब एकमेकांत मिसळून मोठाले गोळे झाले होते, आणि त्यांच्या मध्ये लांबच लांब मोकळी जागा. बाहेरून जे गुळगुळीत आणि चमकदार असतं ते आतून असंही असू शकतं, हे मला लेन्सने शिकवायची गरज नव्हती. मी ओतकाम विभागात फोन केला. तिथला पर्यवेक्षक आनंदी माणूस आहे. “साच्यात चाळीस सेकंद ठेवायचो, आता बावीसवर आणलंय मॅडम,” तो म्हणाला. “तासाला वीस नग जास्त. बाहेर काढल्यावर निवतंच की आपापलं.” निवतंच की. बावीस सेकंदांत कातडी घट्ट होते, स्टूल दिसायला उभं राहतं, आणि गाभा बाहेर आल्यावरही तापलेलाच असतो. मग तो त्याच्या गतीने, कुणाचं लक्ष नसताना, आतल्या आत निवत बसतो.

पुरावा म्हणून मग मी त्या गाभ्याचा एक तुकडा यंत्रात घातला. त्या यंत्राचं काम सोपं आहे. शर्टाच्या बटणाएवढी ॲल्युमिनियमची डबी, त्यात पाच मिलिग्रॅम नमुना, वर झाकण दाबायचं. दोनशे अंशांपर्यंत तापवायचं, आणि तापताना तो किती उष्णता पितो याची रेघ कागदावर उमटते. ही पहिली रेघ. मग वितळलेल्याला पाच मिनिटं तसंच गरम ठेवायचं, म्हणजे जुन्या घड्यांचा मागमूस राहत नाही. ठरलेल्या गतीने निववायचं, आणि पुन्हा तापवायचं. ही दुसरी रेघ. पहिल्या रेघेत त्या तुकड्याने आजवर जे जे सोसलं ते सगळं असतं: कुठे घाई झाली, कुठे तो तापलेला राहिला, कुणी किती वेळ दिला. दुसऱ्या रेघेत फक्त तो कशाचा बनलाय एवढंच असतं. बाईच्या स्टुलाची पहिली रेघ चांगल्या स्टुलाच्या रेघेपेक्षा वेगळी होती. शिखर चार अंशांनी पुढे गेलेलं आणि पायथ्याशी फुगवटा. दुसरी रेघ चांगल्या स्टुलावर तंतोतंत बसत होती, एकावर एक ठेवली तर एकच दिसेल. आणि एका तुकड्याची पहिली रेघ एकदाच मिळते. तो डबीत वितळला की संपलं, परत कितीही वेळा तापवा, तो शहाण्यासारखा दुसरीच रेघ काढत राहतो. काढून टाकलेल्या पानावर ती पहिली रेघ होती, आणि फुलांचा फोटो.

मी तीन पानं घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. दार ठोठावलं नाही. ते फोनवर होते, हाताने ‘बसा’ म्हणाले, मी बसले नाही. फोन संपल्यावर त्यांनी चष्मा काढला. हा माणूस खोटं बोलायच्या आधी चष्मा काढतो, अगदी पहिल्या वर्षापासून. “साहेब,” मी म्हणाले, “एक पान कमी आलंय.” “मॅडम, तुम्ही बसा ना आधी.” “पान कुठंय?” “पान कुठे जात नाही. माझ्याकडे आहे. पण आपण रिपोर्टला कधी पहिल्या हीटिंगची रेघ लावतो का? आजवर लावलीय? एका तरी ग्राहकाला?” एरवी मी त्याला एकांतात ‘अरे’ म्हणते. त्या दिवशी माझ्या तोंडून ‘अरे’ निघेना. “तुम्हाला ती रेघ वाचता येते,” मी म्हणाले, “मीच शिकवलीय. वाचा आणि सांगा, स्टूल का मोडलं.” त्यांनी काही वाचलं नाही. आवाज खाली आणला. “बावीस सेकंदांचं मी वर कळवलंय. पुढच्या महिन्यात बदलतील. स्टुलं सुधारतील, मॅडम. पण जे बाजारात गेलंय त्याच्याबद्दल आपणच कागदावर लिहून द्यायचं? तुमचे चार महिने राहिलेत. मी तुमच्या काळजीनेच सांगतोय.” माझ्या काळजीने. माझ्या काळजीने लोकांनी माझ्याकडून जे करवून घेतलंय त्याची यादी केली तर एक वही भरेल. “आणि ती बाई?” मी विचारलं. “तिच्या घरात ती धांदरट ठरलीय.” “ते आपण नाही ठरवलं.” “या शेवटच्या ओळीत ठरवलंय.” त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग खण उघडला, एक जुनी निळी फाईल काढली, एक पान उघडून माझ्याकडे वळवलं आणि अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाले, “मॅडम, नियम तुमचाच आहे.”

होता. कार्यपद्धती क्रमांक सतरा. टाईप करायच्या आधीचा मसुदा, निळ्या शाईत, माझ्या तेव्हाच्या गोल गोल अक्षरात, ज्यात प्रत्येक वेलांटी पूर्ण आहे. ‘पहिली रेघ नमुन्याच्या पूर्वेतिहासामुळे विश्वसनीय नसते. ती अहवालास जोडू नये.’ खाली माझी सही, लग्नाच्या आधीच्या नावाची. यंत्र नवीन आलं होतं, ते चालवायला मी एकटीच शिकले होते, म्हणून नियम लिहायचं काम मला मिळालं होतं आणि त्याचा मला केवढा गर्व होता. ते वाक्य मी दोन दिवस घासलं होतं. पहिल्या रेघा वेड्यावाकड्या यायच्या. एकाच पोत्यातले दाणे, पण एक रेघ दुसरीसारखी नाही. ग्राहक विचारायचे, हे काय, ते काय. दुसऱ्या रेघा अशा शहाण्या, एकसारख्या, फळीवर लावून ठेवाव्यात अशा. नियम चूक नव्हता. माल कसला आहे असं विचारलं, तर उत्तर दुसऱ्या रेघेतच असतं. पण वस्तू का मोडली असं विचारलं तर उत्तर पहिलीतच असतं, आणि हे दुसरं वाक्य मी लिहिलं नाही. सुचलं नाही असं मी चौतीस वर्षं स्वतःला सांगत आलेय. त्यानंतर किती वस्तू या टेबलावर आल्या. बादल्या, क्रेट, बॅटरीची खोकी, एकदा एका लहान मुलाची बसायची खुर्ची. सगळ्यांना आम्ही दुसरी रेघ लावली आणि माल ठरलेल्या दर्जाचा आढळला. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, बाई आता थंड झाली. मी फाईल मिटली आणि खोलीबाहेर आले, आणि मला एवढा संताप आला होता की जिन्यावर कठडा धरून उभं राहावं लागलं. साहेबांवरचा राग मला पेलता येतो, त्याची सवय आहे. हा राग ज्या बाईवर होता ती चोवीस वर्षांची, गोल अक्षराची, शहाणी मुलगी होती आणि तिची कॉलर धरायला ती समोर नव्हती.

कारण तो नियम लिहिला त्याच्या आधीच्या वर्षी, का त्याच वर्षी, मी दवाखान्यात एका लाकडी बाकावर बसले होते. नोकरी लागली म्हणून मी ताईकडे राहत होते, ताईच्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली माझी. आईही त्या आठवड्यात आलेली होती. ताईचं डावं मनगट सुजून दुप्पट झालं होतं आणि ती ते उजव्या हाताने धरून बसली होती, पाहुण्याचं काहीतरी सांभाळायला दिल्यासारखं. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात. ताईने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “न्हाणीघरात पाय घसरला. पाणी सांडलं होतं. लहानपणापासून अशीच आहे, धांदरट.” ताई. जी काठोकाठ भरलेलं पातेलं दोन खोल्यांतून नेताना एक थेंब सांडायची नाही. जी माझ्या सुईत दोरा ओवून द्यायची, कारण घरातली धांदरट मी होते. कपबशा मी फोडायचे, गुडघे माझे फुटायचे, हे आईला आणि सगळ्या जगाला माहीत होतं. ते विशेषण माझ्या अंगावरून काढून आईने बसल्या जागी ताईला घातलं आणि ते बरोब्बर बसलं. डॉक्टर हुशार असावेत. त्यांनी आईकडून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही होतात घरी?” मी होते. बाहेरच्या खोलीत, डोळे उघडे ठेवून पडलेली. दुपार होती. आधी भाऊजींचा आवाज आला. मोठा नाही, त्यांचा आवाज कधी मोठा व्हायचाच नाही, त्यामुळे बाहेर त्यांचं नाव फार चांगलं होतं. मग दारावर काहीतरी आपटलं. मग ताईचा आवाज, अर्धाच, उरलेला तिने गिळला. मग बराच वेळ काही नाही. आणि सगळ्यात शेवटी न्हाणीघराचा नळ सुरू झाला, आणि फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला. पाणी शेवटी सांडलं होतं. आईची बोटं माझ्या कोपरात रुतली होती. माझं लग्न ठरलं होतं, आणि ती सोयरीक भाऊजींनी जुळवलेली होती. “हो,” मी डॉक्टरांना म्हणाले, “पडली.” माझा तो आवाज अगदी शांत, अभ्यासू, तपासून सांगणाऱ्या बाईचा होता.

पुढे सगळं चांगलंच झालं, हीच तर गंमत. माझा संसार चांगला झाला. हे सज्जन निघाले, या घरात माझ्यावर कधी कुणी हात तर सोडाच, आवाज उगारला नाही. ताईला आई समजावायची: झालं गेलं विसर, नव्याने सुरुवात कर. मीही समजावलं असेल. मी तेव्हा नियम लिहीत होते, नव्याने सुरुवात करणं या विषयातली मी जाणकार होते. दर वेळी ताई निवायची आणि दर वेळी पूर्वीसारखी शहाणी होऊन बसायची, आणि आम्ही म्हणायचो, बघा, काही नाही झालेलं. तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. लोक भेटायला आले, म्हणाले, देवमाणूस होता. ताई चहाचे कप भरत होती. डावं मनगट तिचं पुरतं वळत नाही, बरणीचं झाकण तिला उघडता येत नाही. ती बरणी माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, तू उघड, मी धांदरट. म्हणते आणि हसते. मी झाकण उघडते. एवढंच करते मी तिच्यासाठी, झाकणं उघडते.

बाईला मी आज तीनला बोलावलं होतं; खाली स्वागतकक्षात वॉकरचे रबरी पाय फरशीवर वाजले तेव्हा पावणेतीन झाले होते. तोवर मी माझं काम केलं होतं. साहेबांनी पान घेतलं, यंत्रातली नोंदही बहुतेक पुसली असेल, पण मी जुन्या वळणाची बाई आहे. प्रत्येक रेघेची एक प्रत माझ्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत डिंकाने चिकटवलेली असते, तारखेसकट. तिची प्रत काढली. शेवटची ओळ, ती ‘नाकारता येत नाही’वाली, शाईने खोडली, इतकी घट्ट की कागद फाटला. पानांचे आकडे खोडून पुन्हा चार केले. आणि चौथ्या पानावर, दोन्ही रेघांच्या खाली, सवयीने लिहायला घेतलं: ‘नमुन्याच्या गाभ्यातील स्फटिकरचना पाहता असे दिसते की—’ आणि थांबले. कुणासाठी लिहितेय मी हे? तिची सून वाचणार आहे. तेही खोडलं आणि लिहिलं: ‘साच्यात पुरेसं न निवल्यामुळे हे स्टूल आतून कच्चं राहिलं होतं. ते आधी मोडलं. त्यानंतर बाई पडल्या.’ सही केली, चारही पानांवर. मग कार्यपद्धती सतराची भिंतीवर लावलेली प्रत काढली, तिच्यात राहिलेलं वाक्य घातलं आणि पुन्हा लावली. चौतीस वर्षं उशिरा. अक्षर आता गोल येत नाही.

साहेब जिन्यात भेटले. माझ्या हातातली पानं त्यांनी मोजली, नजरेनेच. “मॅडम, हे असं देता येणार नाही तुम्हाला. मला वर सांगावं लागेल.” “सांगा,” मी म्हणाले. “आणि सांगताना दोन्ही रेघा दाखवा.” त्यांना बाजूला व्हावं लागलं, कारण मी थांबले नाही. खाली ती बाई त्याच खुर्चीवर बसली होती. चष्मा घरी राहिला म्हणाली, तुम्हीच वाचा. स्वागतकक्षातल्या दोन मुली, एक कुरिअरवाला आणि विक्रीचा एक माणूस यांच्यासमोर मी ती तीन वाक्यं मोठ्याने वाचली. वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल, मला जरा बरं वाटेल. तसलं काही झालं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मोजमाप घ्यायच्या आधी शिंपी बघतात तशी. “हे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं,” ती म्हणाली. “पाय हातात घेतलात ना, तेव्हा तुमचं तोंड बदललं होतं.” “हो,” मी म्हणाले. “मग तेव्हा का नाही बोललात?” मी पानं तिच्या हातात दिली. तिने त्यांची घडी घातली, घडीवर नखाने कडक रेषा ओढली आणि पिशवीत ठेवली. “सुनेला देते वाचायला,” म्हणाली. “मोठ्याने वाचायला लावते. तीनदा.” वॉकर उचलत, टेकत ती दारापर्यंत गेली. आभार मानले नाहीत. बरं झालं. मानले असते तर मला ते घ्यावे लागले असते.

ताईचा फोन रोज साडेचारला येतो. भाऊजी गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. त्या आधीही यायचा, पण तेव्हा त्यांच्या घरी यायच्या वेळा बघून. मी जिन्यात जाऊन घेते, कारण टेबलावर घेतला की सगळी प्रयोगशाळा ऐकते. ताई सांगत होती की समोरच्या घराला हिरवा रंग देतायत, असला घाणेरडा हिरवा की खिडकी लावून बसावं, आणि गॅसची नळी बदलायला माणूस आला होता आणि त्याने चुकीची नळी आणली. मी हं म्हणत होते. माझ्या हाताला अजून डिंक होता. मग ती म्हणाली, “आणि तुझं काय आज? आवाज असा का?” मी म्हणाले, “ताई, तू न्हाणीघरात पडली नव्हतीस.”

“काय?”

“डॉक्टरांना मी ‘पडली’ म्हणून सांगितलं होतं. तू पडली नव्हतीस.”

“हे आज कुठून काढलंस?” तिचा आवाज हलका होता, मला अजून वाट देणारा. एखाद्याचा पाय चुकला तर आपण हात पुढे करतो तसा. मला तो हात धरून परत फिरता आलं असतं.

“मी जागी होते. मी सगळं ऐकलं होतं. आधी त्यांचा आवाज. मग दार. मग तू. आणि नळ सगळ्यात शेवटी.”

पलीकडे समोरच्या घराचा रंगारी कुणाला तरी हाक मारत होता, ते ऐकू आलं.

“नळही ऐकलास?” ताई म्हणाली.

“हो.”

“मला वाटायचं तुला झोप लागली होती.” ती एकेक शब्द बाजूला ठेवत बोलत होती. “आईला माहीत होतं. त्यांना तर होतंच. शेजारीसुद्धा ओळखून होते. मी म्हणायचे, या धाकटीला तेवढं खरंच माहीत नाही. तिला आपलं वाटतंय की मी पडले, म्हणून ती बिचारी डॉक्टरांना तसं बोलली. तुझ्यासमोर मला कधी लाज वाटली नाही, ती त्याच्यामुळे. तुझ्याशी बोलत आले ना मी एवढी वर्षं, रोज, ते त्याच्यामुळे.”

 मी कठड्याचं गार लोखंड धरून उभी होते. वर कुणीतरी दार उघडलं आणि मला बघून परत लावून घेतलं. ताई फोन ठेवेल म्हणून मी थांबले. ठेवायलाच हवा होता तिने. तिचा श्वास ऐकू येत होता, जड, नाकातून, आणि मला समजायला वेळ लागला की ती रडत नाहीये. ती संतापली होती. ताईचा संताप मी आयुष्यात ऐकला नव्हता, म्हणून मला तो ओळखता आला नाही.

“बोल आता,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग. काय काय ऐकलंस ते सगळं. एक शब्द गाळायचा नाही.”

मी पायरीवर बसले आणि सांगायला लागले.